विभूतीतली रेघ

सोलापूर,
१८ जानेवारी

प्रिय अक्षता,

शरणु शरणार्थी. पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे खुशाल आहेत. अव्वाचा गुडघा तेवढा कुरकुरतो, पण गड्ड्याच्या जत्रेत चार तास पायी फिरताना तो एकदाही कुरकुरला नाही, तेव्हा त्याचं काय ते तूच ओळख. हाताशी फोन असताना अप्पाला पत्र लिहायची हुक्की कुठून आली, असं तुला वाटेल. माझं फोनवरचं बोलणं तुला ठाऊक आहे. जेवलीस का, थंडी आहे का, ठेवतो. एवढ्यात आटपतं. आज सांगायचं आहे ते त्यात मावणारं नाही. शिवाय बोललेलं नंतर फिरवता येतं, लिहिलेलं येत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय.

आधी तुझ्या रिपोर्टबद्दल. ऑफिसातल्या प्रभूने मला गुपचूप त्याची झेरॉक्स दिली. तेवीस पानं, सगळी इंग्रजी. प्रभू दुपारच्या सुट्टीत एकेक पान समजावून सांगायचा आणि मी डब्यातली भाकरी तशीच धरून ऐकायचो. आठ दिवस लागले. आकडेमोडीची पानं त्यालाही कळली नाहीत, पण शेवटी तू सरळ वाक्यांत लिहिलंस ते दोघांनाही कळलं. माझ्या क्रेनचा हूक जास्त वजनाने एका दिवसात चिरलेला नाही. त्यात एक वर्षाहून जास्त काळ भेग वाढत होती. मागच्या वर्षीच्या दसऱ्याला ती वरून नऊ मिलिमीटर लांब होती, यंदाच्या दसऱ्याला एकतीस झाली. हूक अजून पाचेक आठवडे टिकला असता, मग तुटला असता. खाली तुझी सही. प्रभू म्हणाला, 'अप्पा, तुमच्या पोरीनं लोखंडाची जन्मतारीख काढलीया की.' घरी येऊन ते सहीचं पान अव्वाला दाखवलं. तिला एक अक्षर वाचता येत नाही, तरी तिने ते डोळ्यांना लावलं आणि मग बायकोच्या हक्काने मलाच झापलं, 'लेकीला भेगा मोजायला कशाला पाठवताय म्हणून बोंब मारणारे तुमीच न्हवं?'

व्हय, मीच. कबूल आहे. तू एम.टेक.ला हा विषय घेतलास तेव्हा मी चार दिवस धड बोललो नव्हतो. लोकांच्या मुली कॉम्प्युटर शिकतात, पूल बांधायला शिकतात, आणि माझी मुलगी म्हणते मी वस्तू कशा तुटतात ते शिकणार. त्यावर तू अव्वाचा ब्लाऊजपीस माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, फाडा. मी कारखान्यात काम करणारा माणूस, दोन्ही हातांनी ओढलं तरी तो फाटेना. मग तू कडेला कात्रीने बारीकशी चीर दिलीस, आणि बोटांच्या एका हिसक्यात तो टर्रकन दोन झाला. चाटी गल्लीतला दुकानदार जन्मभर असंच कापड फाडतो आणि मी जन्मभर बघत आलो, पण त्यात शिकण्यासारखं काही असेल असं कधी मनात आलं नाही. चीर किती मोठी यावर सगळं अवलंबून नसतं अप्पा, असं तू म्हणालीस, तिच्या टोकाशी किती ओढ साठते ते बघायचं. आणि ती जितकी वाढते तितकी आणखी वेगाने वाढते. वर्षभर रांगते आणि शेवटी धावते. ब्लाऊजपीसचं नवीन कापड अव्वाने तुझ्याकडून वसूल केलं, ते वेगळं.

खरं तर हा नाद तुला आधीपासून होता. स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यांमागे भिंतीला भेग गेली होती, आठवते? तू सातवीत होतीस. भेगेच्या टोकाशी पेन्सिलने आडवी खूण करून शेजारी तारीख टाकायचीस. दर महिन्याला टोक कुठे पोचलं ते बघायचं, नवी खूण, नवी तारीख. अव्वा म्हणायची, भिंत घाण करती. पावसाळ्यानंतर तू मला जाहीर केलंस की भेग थांबली आहे, गवंड्याला बोलवायची गरज नाही. पुढच्या दिवाळीत घराला चुना दिला तेव्हा मी कुंचला तुझ्या खुणांच्या कडेकडेने फिरवला. अजून तेवढा पट्टा पिवळाच आहे. पाहुणे विचारतात, तिथला रंग राहिला का? मी सांगतो, आमच्या इंजिनियरचं काम आहे, त्यावर कुणी हात फिरवायचा नाही. हे मी मोठ्या तोऱ्यात सांगत आलो. हे वाक्य लक्षात ठेव, पुढे लागेल.

आता सिदूचं सांगतो. तू त्याला एकदाच पाहिलंस, आपल्या घरी उंबऱ्यात बसून चहा प्यायला होता तेव्हा. मी क्रेनच्या केबिनमध्ये वर बसतो आणि तो खाली उभा राहून ओतीव मालाला साखळ्या बांधतो, हूक अडकवतो, हात वर करून मला इशारा देतो. नऊ वर्षं आमचं हे चाललंय. वरून मला माणसांचे चेहरे दिसत नाहीत, हेल्मेटं दिसतात. सिदूच्या हेल्मेटखालून पिवळ्या पंच्याचं टोक लोंबतं, त्यावरून मी त्याला ओळखतो. माल उचलला की तो दोन पावलं बाजूला होतो. नियम पाच पावलांचा आहे, पण पाच पावलं मागे गेलं तर माल हलताना हाताने सावरता येत नाही, म्हणून तो दोनच पावलं सरकतो. म्हणजे हुकाखाली सगळ्यात जवळचा माणूस रोज तोच.

यंदाची खंडेनवमी तुला फोनवर सांगितली होती, पण सगळी नाही. आपल्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशीच्या या पूजेला क्रेनचा हूक जमिनीपर्यंत खाली आणतात. रॉकेलने धुतात, पुसतात, झेंडूची माळ घालतात. विभूतीचे तीन पट्टे ओढायचा मान सतरा वर्षं माझा आहे. मग कारखान्याच्या रिवाजाप्रमाणे एक रिकामा साचा हुकाला लावून वीतभर उचलायचा आणि खाली ठेवायचा, म्हणजे वर्षाचं पहिलं काम झालं. तसं केलं. आरती झाली, पेढे वाटले. सिदू हुकाला नमस्कार करायला वाकला आणि म्हणाला, 'अप्पा, विभूतीत केस अडकलाय बघा की.' हुकाची मान संपून बाक सुरू होतो तिथे, आतल्या अंगाला, पांढऱ्या पट्ट्यात बारीक काळी रेघ होती. त्याने नखाने केस काढायला बघितलं. 'निघंना की ओ,' म्हणाला. मी जवळ गेलो. मला चष्म्याची गरज पडली नाही. मी म्हटलं, 'केस न्हाय त्यो. हूक उतरवा. आज न्हाई, आत्ता.'

तुम्ही लोक लॅबमध्ये लाल औषध आणि पांढरी पूड वापरून जे करता, तेच आमच्याकडे विभूतीने केलं, असं तू रिपोर्टात लिहिलंस. धुताना भेगेत काळं तेल शिरलं, वजन घेताना भेग जरा उघडली, खाली ठेवताना मिटली आणि तेल बाहेर ढकललं गेलं, ते राखेने शोषून घेतलं. ते पान मी प्रभूकडून दोनदा समजून घेतलं. सगळे म्हणाले सिद्धरामेश्वराने वाचवलं, अप्पाच्या हाताला गुण आहे. मला हार घातला, अक्षता. तो हार मी घरी आणला नाही, क्रेनच्या शिडीला बांधून आलो. तू त्या दिवशी विचारलंस, अप्पा आवाज का असा? मी म्हटलं, धूपाने घसा बसलाय.

पुढचं तुला माहीतच आहे. हूक पुण्याला तुमच्या लॅबमध्ये गेला. माझे वडील हीच क्रेन चालवतात हे तू पहिल्याच दिवशी तुझ्या सरांना सांगितलंस, आणि सरांनी प्रत्येक आकडा स्वतः पुन्हा तपासायचं ठरवलं. हे मला फार आवडलं. मग तू हूक बर्फापेक्षा थंड करून भेगेवर मोडलास आणि आतल्या पृष्ठभागाचा फोटो मला पाठवलास. त्यात अर्ध्या चंद्रासारख्या कडा, एकीच्या बाहेर एक. उजनीच्या पाण्यापाशी आत्याच्या गावी पाणी उतरताना गाळावर रेघा राहतात ना, अगदी तशा. आठवड्याच्या सुट्टीला हूक रिकामा लटकायचा, आतल्या ताज्या धातूला हवा लागायची, त्याची एकेक कड. मागच्या वर्षीच्या दिवाळीला कारखाना नऊ दिवस बंद होता, त्याची एक जाड काळी कड. तिथून तू तीन आठवडे उलटे मोजलेस आणि दसऱ्याला येऊन थांबलीस. त्या फोटोकडे मी किती वेळ बघत बसलो असेन याचा तुला अंदाज नाही. कोणत्या दिवशी काय केलं ते आपण विसरलो तरी लोखंड विसरत नाही, आणि माझ्या पोरीला ते वाचता येतं. अभिमान वाटला. आणि अभिमानाबरोबर भीतीही वाटली, हेही लिहितो.

मॅनेजर साहेबांना मात्र हे पटलं नाही, किंवा पटवून घ्यायचं नाही. वर्षभर भेग होती असं मान्य केलं तर वर्षभर हूक नीट का तपासला नाही हे त्यांना वर सांगावं लागेल. त्यापेक्षा सिदूने नको तितका माल लावला आणि हूक चिरला, हे सोपं. त्यांनी सिदूला घरी बसवलं आणि तुझा रिपोर्ट परत पाठवला. त्यांचं पत्रही प्रभूने वाचून दाखवलं. त्यात म्हटलंय, मागच्या वर्षीच्या दसऱ्याला हाच हूक खाली होता, धुतला होता, चाळीस माणसं त्याच्या पाया पडली. भेग असती तर कुणाला तरी दिसली असती. ज्याने पाहिली असा एक माणूस दाखवा, नाहीतर ही कागदावरची गणितं मागे घ्या. महिनाअखेरपर्यंत मुदत. तू फोनवर हसून म्हणालीस की माणूस कुठून आणू, माझ्याकडे धातू आहे. पण तुझं हसणं मी ओळखतो. नोकरीतला तुझ्या सहीचा हा पहिलाच रिपोर्ट.

संक्रांतीच्या आधी मी सिदूला भेटायला मंगळवेढ्याकडे त्याच्या गावी गेलो. तो माळावर होता, आईची मेंढरं घेऊन. त्याची आई, मायाक्का, मला बघून उठून उभी राहिली. वयाने माझ्याहून मोठी बाई, मला लाज वाटली. सिदूने तीन दगड मांडून चहा केला. मी वाट बघत होतो की तो चिडेल, साहेबाला शिव्या देईल. तसं काही नाही. कोकरू मांडीवर घेऊन तो म्हणाला, 'तुमच्या अक्षतानं लिवलंय म्हणं, माजी चूक न्हाय. तिला सांगा, तेवढं बास झालं. नोकरीचं बघू की.' मग थोड्या वेळाने म्हणाला, 'पण अप्पा, मी लई डोकं चालवलं. गेल्या सालीबी मी नमस्कार केलता. मला कसं दिसलं न्हाय?' त्याला वाटतंय, त्याच्याच डोळ्यांची चूक झाली. नऊ वर्षं माझ्या हुकाखाली उभा राहिलेला माणूस मला विचारत होता, मला का दिसलं नाही. मी चहाचा कप तसाच दगडावर ठेवला. परतीच्या एसटीत मी ठरवलं की तुला लिहायचं. तरी पाच दिवस गेले.

रिपोर्टच्या सतराव्या पानावर एक ओळ आहे. भेगेच्या आत, सगळ्यात जुन्या भागात, लाल ऑइलपेंटचा अंश सापडला, रंग कधी लावला याची माहिती मिळू शकली नाही. ही माहिती तू कुणाकडे मागितलीस ते आपल्या दोघांनाच ठाऊक आहे. तू फोन केला होतास. अप्पा, हुकाला लाल रंग कधी दिला होता? मी म्हटलं, आठवत नाही गं, किती वर्षं झाली. मग म्हणालीस, बरं, आणि अव्वाला फोन द्यायला सांगितलास. पुन्हा कधी विचारलं नाहीस. माझ्या शब्दावर तू तारीख रचली नाहीस आणि माझ्यावर संशय आहे असंही कुठे लिहिलं नाहीस. नाही मिळाली, एवढंच लिहिलंस. माझ्या वयाच्या मोठमोठ्या साहेबांना असं सरळ लिहिता येत नाही.

मला आठवतं, अक्षता. सगळं आठवतं. मागच्या वर्षीच्या खंडेनवमीला मी पट्टे ओढले, साचा वीतभर उचलून ठेवला, केबिनमधून खाली आलो, तेव्हा बाकीचे आरतीचं ताट शोधत होते. हुकापाशी मी एकटा होतो. विभूतीत काळी रेघ होती. मलाही केसच वाटला. नख लावलं, निघाला नाही. मग मी काय केलं माहीत आहे? चार दिवसांनी तुझी पुण्याची नोकरी सुरू होणार होती. तुझी बॅग घरी भरून तयार होती. देवाच्या पांढऱ्या पट्ट्यात माझ्याच हाताखाली काळी चीर, हे मला नको होतं. आपल्यात शकुन-अपशकुन मानत नाहीत, मांजर आडवं गेलं म्हणून थांबू नये, हे तुला लहानपणी मीच शिकवलं. आणि मीच खिशातल्या फडक्याने ती विभूती पुसली. केबिनचा दरवाजा रंगवून उरलेल्या लाल रंगाचा डबा कोपऱ्यात होता, त्यात बोट बुडवून तिथे फिरवलं. वर नवीन पट्टे ओढले. मग ताट आलं, आणि सिदूसकट चाळीस जण माझ्या रंगाला नमस्कार करून गेले. पुढे तपासणीवाले आले, त्यांनी वजन लटकवून बघितलं, हूक पास झाला. वर्षभर मी रोज त्या हुकाने माल उचलत होतो आणि पिवळ्या पंच्याचं टोक दोन पावलांवर बघत होतो. ती भेग आहे हे तेव्हा मला कळलं नव्हतं, ही शपथेवर सांगण्यासारखी गोष्ट आहे. पण कळू नये म्हणून मी पुसलं होतं, हेही तितकंच खरं. तुझ्या पेन्सिलच्या खुणा राखणारा माणूस तोच आणि हाही तोच.

तेव्हा हे पत्र का लिहिलं ते आता सांगतो. साहेबांनी मागितलेला एक माणूस मी आहे. हे पत्र रिपोर्टला जोड, माझं पूर्ण नाव घाल, ईरप्पा, क्रेन ऑपरेटर, आणि सतराव्या पानावरची रिकामी तारीख भर. वडील म्हणून सूट देऊ नकोस, हूक मोडताना दिली नव्हतीस. उद्या सकाळी शिफ्टच्या आधी मी साहेबांसमोर उभा राहून हेच सांगणार आहे, आणि तिथून सिदूच्या गावाला जाणार आहे, कारण त्याच्या डोळ्यांची चूक नव्हती हे त्याला माझ्या तोंडून कळलं पाहिजे. माझं काय व्हायचं ते होईल. अव्वाला आज सगळं सांगितलं. ती खूप वेळ रडली, मग तिनेच हा कागद आणून दिला. एक गोष्ट राहिली. त्या दिवशी मी ती रेघ नखाने काढायला गेलो तेव्हा माझ्या करंगळीचं नख तिच्यावर बरोबर बसलं होतं, ना कमी ना जास्त. तू कुणालाही न विचारता नुसत्या लोखंडावरून लिहिलंस, नऊ मिलिमीटर. आत्ता तुझी शाळेतली पट्टी काढून नख तिच्यावर ठेवून बघितलं, बाळ. नऊच भरलं.

तुझाच,
अप्पा